शंभर मीटर, मोकळ्या मैदानात

तीस वर्षं मी भांडी विकतो आहे. ‘पातेलं बुडाला जाड आहे, दूध लागणार नाही’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल ते सांगता यायचं नाही, आणि आमच्या स्वतःच्या घरात एक दिवसाआड दूध लागतं. तेव्हा वस्तूवर जे छापलेलं असतं ते कितपत मनावर घ्यायचं, हे मला कोणी शिकवावं अशी गरज नव्हती. तरीही बीडच्या दुकानदारानं कॉर्डलेस फोनचा डबा माझ्यापुढे ठेवला, त्यावरच्या ‘शंभर मीटर’ या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि मी मान डोलावली. विकणारा माणूस विकत घ्यायला गेला की त्याच्याइतका भोळा कोणी नसतो.

फोन घ्यायची वेळ का आली, ते सांगतो. वडवणीच्या पेठेत पुढं आमचं दुकान, मागं घर, आणि दोन्हींच्या मध्ये गोदामाची खोली. टेलिफोन दुकानात, गल्ल्याच्या शेजारी. मुलगी अपेक्षा मार्गशीर्षात उदगीरला दिली. दर रविवारी तिचा फोन येतो. फोन आला की मी आत हाक मारतो, माझी बायको नीलाबाई पदराला हात पुसत बाहेर येते, आणि त्या वेळी दुकानात जो कोणी कळशी ठोकून बघत असेल तो ठोकायचं थांबवतो. बाकड्यावर बसलेले चहा हळू पितात.

मग असं बोलणं होतं:

“बरी हायस का?”

“बरी हाय.”

“जेवलीस का?”

“जेवले. तुमी?”

“जेवले. ठेवू का?”

तिकडेही फोन बैठकीत, आणि फोनशेजारी तिचे सासरे लोडाला टेकून. म्हणजे दोन्ही बाजूंना श्रोते, आणि मध्ये दोन बायका दोन पोलीस चौक्यांसारख्या एकमेकींना खबर देतायत.

चैत्रात एका रविवारी रिसीव्हर ठेवून नीलाबाई तिथंच उभी राहिली. म्हणाली, “तिचं ‘बरी हाय’ काय बरं न्हाई.”

मी म्हणालो, “ती स्वतः म्हणाली की बरी हाय म्हणून.”

“तुमी भांडं वाजवून सांगता ना, चीर हाय का न्हाई? तसंच हाय हे.”

धंद्यातला दाखला दिला की माझं तोंड बंद होतं, हे तिला पुरतं ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी अपेक्षानं नेहमीची खबर दिली आणि शेवटी, हवापाण्याचं सांगावं तसं म्हणाली, “तुमच्या पुढल्या आठवड्यातल्या बाजारादिवशी हितले सगळे लग्नाला चाललेत. मी एकटीच घरी हाय. अकराच्या सुमारास.” नीलाबाईनं फोन ठेवला, दुकानात दोन गिऱ्हाइकं होती ती जाईपर्यंत डबे पुसल्यासारखं केलं, आणि मग मला सांगितलं, “बाजारादिवशी अकराला मला तिच्याशी बोलायचंय. कुणी ऐकायला नको. तुमी बी न्हाई.”

‘तुमी बी न्हाई’ हे मला लागलं. पण हातात दहा दिवस होते, आणि लागलेलं बघत बसायला वेळ नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, दुकान तासभर बंद ठेवायचं. लगीनसराईत, बाजाराच्या दिवशी, भांड्यांचं दुकान बंद दिसलं तर लोक ‘बंद का’ असं विचारत नाहीत. ‘कोण गेलं’ असं विचारतात आणि टोपी काढूनच ओट्यावर बसतात. तुम्ही म्हणाल, एसटीडी बूथ. आमच्या बूथच्या काचेच्या खोलीत बोललेलं आतल्यापेक्षा बाहेरच्या बाकड्यावर जास्त चांगलं ऐकू येतं. तुम्ही म्हणाल, आतपर्यंत वायर ओढायची. त्यासाठी टेलिफोनच्या हपिसात माझा अर्ज अकरा महिने पडून होता. पहिल्यांदा तो घराचा नकाशा नाही म्हणून परत आला. नकाशा काढून दिला, तर नकाशात उत्तर दिशा नाही म्हणून परत आला. उत्तर दिशा घातली, तेव्हा साहेब बदलले होते, आणि नव्या साहेबांना नकाशा कशाला जोडला ते कळेना.

लाइनमन माणिकराव माझा रोजचा माणूस. चहाला येतो, पण नियमाला पक्का. मी म्हणालो, “माणिकराव, चाळीस फूट वायर. एका दुपारचं काम.”

“काम अर्ध्या तासाचं हाय, मल्लिनाथअप्पा. पण विनामंजुरी मी खिळा ठोकनार न्हाई. माझ्या बापानं मला नोकरी लागली तवा हेच सांगितलंतं, दुसरं काय बी न्हाई.”

म्हणून मी बीडला गेलो, आणि शंभर मीटर घेऊन आलो.

शंभर मीटर म्हणजे किती, हे येताना एसटीतच मी मोजून ठेवलं होतं. गल्ल्यापासून चुलीपर्यंत एकेचाळीस फूट. म्हणजे नीलाबाई स्वयंपाकघरातच नव्हे, तर मागच्या दारानं निघून तीन घरं ओलांडून कडुलिंबाखाली बसली तरी बोलू शकणार. मी तर मनानं तिला एसटीच्या थांब्यापर्यंत नेऊन ठेवलं होतं.

घरी आल्यावर मुख्य खोकं गल्ल्याशेजारी ठेवलं, हातात घ्यायचा फोन सोळा तास चार्जिंगला लावला, आणि दुसऱ्या दिवशी पाटोद्याच्या साडूला फोन लावून बोलत बोलत आत निघालो. दुकान संपलं तोवर साडू नीट बोलत होता. गोदामाच्या उंबऱ्यावर तो पाण्यात पडल्यासारखा बोलू लागला. एक पाऊल आत टाकलं आणि साडू संपला. मी एक पाऊल मागं आलो; साडू विचारत होता, “अहो, हाय का?” पुन्हा पुढं, साडू नाही. उंबऱ्याच्या अलीकडं खडूनं रेघ मारली आणि टेप लावली. अकरा फूट.

बीडला फोन केला. दुकानदार शांतपणे म्हणाला, “शंभर मीटर बरोबर हाय. मोकळ्या मैदानात. तुमचं घर मोकळ्या मैदानात हाय का?”

मी विचारलं, “मोकळ्या मैदानात कोण फोन ठेवतं?”

“ते कंपनीला विचारा,” तो म्हणाला. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. ‘मंद आचेवर ठेवलं असतं तर लागलं नसतं,’ हे मी गिऱ्हाइकाला अगदी याच आवाजात सांगतो.

आमच्या पेठेत एखाद्याकडं नवी वस्तू आली की ती सगळ्यांची होते, आणि बिघडली की जास्तच होते. शेजारचे संगमेश्वर सर, म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक, आधी आले. गोदामात उभे राहून त्यांनी वर-खाली बघितलं. खाली पितळी हंडे, त्यावर स्टीलचे डबे, भिंतीला परातींची चळत, आढ्याला दोरीनं टांगलेल्या कळशा. “मल्लिनाथ,” ते म्हणाले, “लहरी धातूतून जात नाहीत. तू लहरींसाठी तुरुंग बांधलायस.”

समोरच्या सलूनचा म्हाळू म्हणाला, “सर, धातूचं काय न्हाई. उंची पायजे. टीव्हीचा अँटेना कुठं असतो? पत्र्यावर. फोनचं खोकं वर चढवा.”

“आणि अँटेना लांब करा,” हॉटेलवाली भामाबाई म्हणाली. “माझ्या रेडिओला मी तांब्याची तार बांधलीय. आता परळीपातूर ऐकू येतंय.”

परळीत भामाबाईला काय ऐकायचं असतं, हे मी विचारलं नाही. सल्ला देणाऱ्याला आधार विचारला की पुढच्या वेळी तो साखरपुड्यालाही येत नाही. मी खोकं माळ्यावर चढवलं, त्याच्या अँटेनाला दहा हात तांब्याची तार जोडली आणि ती दर्शनी पत्र्यापर्यंत नेली. साडूला पुन्हा फोन लावला. बारा फूट. मी खडूनं दुसरी रेघ मारली. पुढच्या तीन दिवसांत खोकं देवळीत, कपाटावर आणि एकदा कणगीवर जाऊन आलं. तार मात्र पत्र्यालाच राहिली. रेघा वाढत गेल्या. नीलाबाई फरशी पुसताना त्या रेघांना वळसा घालायची, शेवटी म्हणाली, “सापशिडी खेळतोय काय आपण?”

या सगळ्या वेळात साडूशी मी तास तास बोलत होतो. चाचणी म्हणून आकडे मोजण्यापेक्षा माणूस मोजणं बरं, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी बोलायचो. नावं ठेवली असं नाही. पारखून सांगितलं, एवढंच.

चौथ्या दिवशी म्हाळूकडं दाढीला गेलो. त्यानं अर्ध्या गालाला साबण लावला आणि ब्रश खाली ठेवला.

“मालक, वस्तरा चालंल ना? न्हाई, बोथट हाय म्हनत होता.”

“कोण म्हणत होतं?”

“तुमी. पाटोद्याच्या पाव्हन्याला. म्हाळूचा वस्तरा बोथट, पन अकलेपुढं वस्तराच धारदार.” त्यानं फळीवरच्या रेडिओकडं हनुवटी केली. “काल बाजारभाव लावायला गेलतो, तर तुमीच लागला. लई स्वच्छ आवाज.”

माझ्या मागं बाकड्यावर पेपर हलला. पेपरामागं संगमेश्वर सर होते. मी सरांविषयीही बोललो होतो. ‘सरांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, शास्त्रज्ञ सोड, पेठेत एक फ्यूज बांधणारा निघाला न्हाई,’ असं.

“वाक्य नीट बांधलेलं होतं,” सर पेपरातूनच म्हणाले. “मराठी कोणी शिकवलं तुला?”

“तुमीच, सर. आठवीला. मराठीचे शिंदे सर रजेवर होते.”

“तेच म्हणतो.”

अर्ध्या गालाला साबण असताना माणसाला उठून जाता येत नाही. तेवढ्या वेळात सरांनी समजावून सांगितलं की, पत्र्यावर नेलेल्या तारेमुळं माझा आवाज आत जायचा सोडून रस्त्यावर जातो, आणि ज्याच्या रेडिओचा काटा त्या जागी येईल त्याला मी सापडतो. थोडक्यात, माझा फोन माझ्या स्वयंपाकघरात पोचत नव्हता. बाकी सगळ्यांकडं पोचत होता.

तार मी त्याच संध्याकाळी काढली. पण तार काढूनही म्हाळूच्या रेडिओवर मी बारीक आवाजात सापडतच होतो. भामाबाईकडं तर आणखी बरा, कारण तिची तार जागच्या जागी होती. नीलाबाईला हे सांगायचं धैर्य करायला मला जेवण होईपर्यंत वेळ लागला. ती म्हणाली, “म्हंजे आधी चार माणसं ऐकत हुती, आता सगळा बाजार ऐकनार.” आणि ताट उचलून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाजाराला दोन दिवस उरले होते. आता एकच मार्ग दिसत होता. मी पेठेत घरोघरी, खरं म्हणजे रेडिओरेडिओ, फिरलो. परवा बाजाराच्या दिवशी अकरा वाजता तासभर रेडिओ बंद ठेवा, एवढीच विनंती. म्हाळूनं मला पुरता एक दिवस टांगून ठेवलं, मग म्हणाला, “वयनीसाठी ठेवतो. तुमच्यासाठी न्हाई.” कॅसेटच्या दुकानवाल्यानं भोंगा बंद ठेवायचं कबूल केलं. भामाबाई चहा गाळता गाळता म्हणाली, “वयनी पोरीशी काय बोलनार हायती?”

“ते मलाच ठाऊक न्हाई.”

“मंग आमी ऐकून सांगू का तुमाला?”

संध्याकाळपर्यंत हिशेब असा निघाला: कोणाला कळू नये म्हणून जे बोलणं व्हायचं होतं, ते नक्की किती वाजता, कोणत्या खोलीत आणि कोणाशी होणार, हे वडवणीत फक्त तान्ह्या पोरांना ठाऊक नव्हतं.

उरला तो लहरींचा तुरुंग. बाजाराच्या दिवशी सकाळी सहा वाजता दोन हमाल बोलावले आणि गोदाम रिकामं करायला घेतलं. हंडे, घंगाळी, परातींच्या चळती, टांगलेल्या कळशा, सगळं दुकानासमोर रस्त्यावर. साडेआठपर्यंत रस्त्यावर भांड्यांचा डोंगर उभा राहिला. उन्हात तो असा चमकत होता की बैल बुजायला लागले.

आता घरातली सगळी भांडी एका सकाळी रस्त्यावर मांडली जातात ती कधी, हे आमच्या भागात कोणाला विचारायला नको. साडेनऊला मोहनराव आले. लिंबागणेशपासून इकडं कुठंही भाऊ वेगळे होऊ लागले की मोहनरावांना बोलावतात. त्यांनी काठी टेकून दोन ढीग पाडले की त्यावर कोणी बोलत नाही. बाजाराला आले होते, भांडी दिसली, आणि बोलावण्याची वाट न बघता आले.

खांद्यावरच्या उपरण्यानं बाकडं झटकून बसले. म्हणाले, “मला आधी सांगायचं होतंस. असं रस्त्यावर मांडू नये. घराची शोभा जाते. बरं, धाकटा कुठाय?”

“कोण धाकटा?”

“तुझा भाऊ.”

“मोहनकाका, मी एकटाच हाय. मला भाऊ न्हाई.”

मोहनरावांनी बराच वेळ भांड्यांकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं, आणि आवाज खाली आणून विचारलं, “मंग नीलाबाईशी?”

त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. कॉर्डलेस म्हणजे काय, यापासून. ते मधे मधे ‘हां’ म्हणत होते, आणि शेवटी म्हणाले, “लेकीशी बोलायला एवढं?” पण उठले नाहीत. काठी गुडघ्यात धरून भांड्यांच्या राखणीला बसले. बरंच झालं, कारण लोकांनी सेल लागला असं समजून डबे उचलून बघायला सुरुवात केली होती, आणि मोहनरावांसमोर कोणी घासाघीस करेना.

साडेदहाला मी शेवटची चाचणी घेतली. साडू आता थकला होता. नुसता ‘हां, हां’ म्हणत होता. गोदामाचा उंबरा ओलांडला, साडू आहे. अर्धं गोदाम, आहे. दोन पावलं आणखी, आणि साडू गेला. रेघ मारली. सत्तावीस फूट. स्वयंपाकघर अजून चौदा फूट लांब.

मी रिकाम्या गोदामात त्या रेघेवर उभा राहिलो. हातात फोन, अंगाला घाम, बाहेर सगळा संसार रस्त्यावर, आणि वाटेल ते करून शेवटी चौदा फूट कमी. तेवढ्यात आतून नीलाबाई आली. नवं लुगडं नेसली होती, जसं काही अपेक्षाच येणार होती. तिनं माझ्याकडं बघितलं, रेघेकडं बघितलं, आणि परत आत गेली. येताना पाट घेऊन आली. तो बरोबर रेघेवर ठेवला आणि बसली.

“अगं, पण स्वयंपाकघर...”

“मी स्वयंपाकघर कधी मागितलं? दार मागितलं हुतं. हितं दार हाय की.” गोदामाला दार होतं. पंचवीस वर्षं त्याच्या फळीला टेकून भांडी ठेवल्यानं ते कधी लावलंच नव्हतं.

मी नंबर लावून दिला, घंटी वाजते एवढं ऐकलं, फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. ते लागताना एवढं करकरलं की मोहनरावांनी मान वळवली.

बरोबर अकरा वाजले होते. म्हाळूनं सलूनच्या दारात येऊन, मला दिसेल असा, रेडिओचा कान पिळला. कॅसेटवाल्याचा भोंगा थांबला. भामाबाईनं तर रेडिओ फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवला होता, असं नंतर कळलं. टेलिफोनच्या खांबाखाली माणिकराव शिडी टेकवून उभा होता. मी हातानंच विचारलं, काय? तो जवळ येऊन हळू म्हणाला, “बाजारादिवशी लाइन जाते कधी कधी. म्हनून थांबलो. ह्याला मंजुरी लागत न्हाई.”

बाजार चालूच होता, पण पेठेच्या त्या तुकड्यात बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. वडवणीत बाजाराच्या दिवशी असं कधी होत नाही. पाटोद्याकडचा एक अनोळखी माणूस ही शांतता आणि रस्त्यावरची भांडी बघून थांबला, त्यानं टोपी काढली, आणि म्हाळूला विचारलं, “कोन गेलं?”

म्हाळू म्हणाला, “कोन बी न्हाई. माय-लेकी बोलायल्यात.”

तो माणूस टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. काय समजला कोण जाणे.

मी दाराला पाठ लावून उभा होतो. कान माझे होते, पण मी ते रस्त्याकडं लावले. तरी एकदा आतून हसण्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काही नाही. नंतर पुन्हा हसणं, पण ते लांबलेलं, डोळे पुसत हसल्यासारखं. सत्तावीस मिनिटं झाली. दार करकरलं. नीलाबाईनं फोन माझ्यापुढं धरला.

“घ्या. तिला तुमच्याशी बोलायचंय.”

हे मला नवीन होतं. मुलीच्या फोनवर माझं काम आजवर ‘थांब, आईला देतो’ एवढंच. मी गोदामात गेलो, रेघेवर उभा राहिलो आणि फोन कानाला लावला.

“अपेक्षा.”

पलीकडं काही नाही.

एक पाऊल मागं घेतलं. “अपेक्षा, ऐकू येतंय का?”

काही नाही. आमच्या मेहनतीचं फळ म्हणून यंत्र नेमकं माझ्या वेळी बंद पडलं, असं मला वाटलं. मी छातीत हवा भरली आणि ओरडलो, “अ-पे-क्षा.” गोदाम रिकामं होतं. हाक भिंतींना आपटून बाहेर गेली, आणि रस्त्यावर मोहनराव काठी घेऊन उभे राहिले.

“येतंय अप्पा,” ती म्हणाली. आवाज अगदी जवळचा होता. “पयल्यापासनं येतंय.”

“मग बोलत कावून न्हाईस?”

“तुमी बोला ना. अजून एकदा म्हना.”

मला काही कळलं नाही. पण मागितलेली वस्तू द्यायची, कशाला पाहिजे ते नंतर विचारायचं, ही दुकानदाराची सवय. मी पुन्हा नाव घेतलं. या वेळी ओरडलो नाही.

“ओ,” ती म्हणाली.

मग मी विचारलं, “जेवलीस का?”

बाजार उठल्यावर भांडी आत घेताना नीलाबाईनं मला सांगितलं. हंडा माझ्या हातात देताना, माझ्याकडं न बघता. लग्नात तिकडच्यांनी अपेक्षाचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं ‘गिरिजा’ लिहिलं होतं. मी शेजारीच उभा होतो. ‘भारदस्त हाय’ असं व्याह्यांना म्हणालोही होतो. आता घरात सगळे तिला गिरिजा म्हणून हाक मारतात, आणि पोरीच्या ध्यानातच येत नाही की हाक आपल्याला आहे. भाकरी थापत बसते. सासूला वाटतं, ऐकून न ऐकल्यासारखं करते. सासऱ्यांना वाटतं, कानातच दोष आहे. पुढच्या आठवड्यात तिला लातूरला कानाच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरलं होतं, आणि पोरगी त्या धसक्यानं रात्र रात्र नव्या नावाची उजळणी करत होती.

मला हसू आलं आणि मग यायचं थांबलं. “मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, सासूला खरं सांग. तिचं बी कधी तरी बदललंच असंल की. आनि माझं सांगितलं. मला ओ द्यायला शिकायला वरीस गेलं. तुमच्या आई म्हनायच्या, नीला म्हंजे भिंत हाय.”

हंडा माझ्या हातात तसाच राहिला. आमच्याही लग्नात तांदळाचं ताट होतं. त्यावर काय लिहिलं ते मला आठवत होतं. त्याच्या आधी तिचं माहेरचं नाव काय होतं, ते आठवायला मला वेळ लागला, आणि तो वेळ तिला दिसू नये म्हणून मी परातींची चळत उगाच दोनदा लावली. मी तिला नावानं कधी हाक मारलीच नव्हती. ‘अगं’ नाही तर ‘ऐकलंस का’ एवढ्यावर सगळं भागलं होतं.

पुढच्या रविवारी फोन आला तो अपेक्षाच्या सासूबाईंनी लावलेला. आधी त्या बरंच हसल्या. म्हणे त्यांचं माहेरचं नाव शेवंता, आणि घरात ते आता कोणाला ठाऊकच नव्हतं. मग म्हणाल्या, “थांबा, अपेक्षाला देते.” नीलाबाई फोन घेऊन गोदामात गेली, आणि दार लावलं. दाराच्या फळीपुढं मी आता भांडी ठेवत नाही. बाकीचं गोदाम पहिल्यासारखं खालपासून आढ्यापर्यंत गच्च आहे, त्यामुळं फोन पुन्हा कसाबसा उंबऱ्याच्या आतल्या पाटापर्यंत पोचतो. तेवढा पुरतो.

त्याच संध्याकाळी दुकानात कोणी नव्हतं. समोर म्हाळू सलून झाडत होता. आत स्वयंपाकघरात भाकरीचा आवाज येत होता, एकेचाळीस फुटांवर, मध्ये सगळे हंडे, डबे आणि कळशा. मी गल्ल्यावर बसल्या बसल्या, घसा साफ करून, हाक मारली.

“तारा.”

भाकरीचा आवाज थांबला. मला वाटलं, पोचलं नसेल, म्हणून दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं मारणार, तोच गोदामाच्या दारात ती येऊन उभी होती. हात पिठाचे, पदर खांद्यावरून सुटलेला. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं, म्हाळू ऐकतोय का ते बघायला.

“एवढ्या मोठ्यानं कशाला?” ती म्हणाली. “आत ऐकू येतंय.”